सम क्रमांक

कौन्सिलचं पत्र आलं बुधवारी,
हिरवे डबे बाहेर ठेवायच्या दिवशी.
सोबत नकाशा, नकाशावर लाल रेघ:
गल्लीचा पलीकडचा अंग पूर्ण पोटात घेऊन गेलेली.
म्हणजे विषम आकड्यांची घरं जाणार,
एकपासून त्र्याहत्तरपर्यंत,
आणि समांची राहणार.
आम्ही बेचाळीस.
"सुटलो," हे म्हणाले, आणि चहात साखर घातली,
डॉक्टरांनी बंद केलेली.

बर्मिंगहॅममध्ये चौतीस वर्षं काढली,
पण विषम या शब्दाचा अर्थ
मला समोरच्या फुटपाथवर कळला.

एक्केचाळीसमध्ये व्हेरोना पिनॉक.
पहाटे पाचला तिचा दिवा लागायचा,
इस्पितळाच्या धुलाईघरात तिची पाळी,
माझी बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये.
पहिली आठ वर्षं आम्हाला एकमेकींचं नावही माहीत नव्हतं.
दिवा माहीत होता.

तिच्या घराची किंमत करायला एक पोरगा आला,
बूट दारातच काढले, तेवढा संस्कारी.
त्याच्या यंत्राचा लाल ठिपका भिंतीवर फिरला,
लिनवलच्या फोटोवर, त्याच्या हॅटवर थांबला,
आणि यंत्र म्हणालं, तीन मीटर बासष्ट.
"परसातल्या पेअरच्या झाडाचं काय?" तिने विचारलं.
"ते जमिनीत धरलंय."
"मीही इतकी वर्षं तेच धरून होते," ती म्हणाली,
आणि त्याला आल्याचा केक दिला.

तिला बाजारभाव, आणि वर काही टक्के.
आम्हाला तीन पदरी काचा.
बाकीच्या नुकसानीचा अर्ज
रस्ता सुरू झाल्यावर एक वर्षाने करावा,
असं पत्रकात आहे, पान सहा.
आधी दुधाने तोंड पोळू द्या,
ताकाचं मग बघू.
अडतीसमधल्या सफदरने घर विकायला काढलं.
पाटी लागली. पाटीवर भाव दोनदा उतरला.
आता तिच्यावर शेवाळ आहे,
आणि सफदर दाढी करताना म्हणे मोजतो,
फेडायचे हप्ते किती आणि घर किती.

व्हेरोना रेडिचला गेली, लेकीजवळ.
जाताना रुबार्बचा गड्डा दिला,
इस्पितळाचा शिक्का असलेल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
"चोरीचा आहे," ती म्हणाली. "अभ्रा. गड्डा नव्हे."

फेब्रुवारीत यंत्रं आली.
तिच्या न्हाणीघराच्या गुलाबी टाइल्स
सगळ्या गल्लीने बघितल्या.
तिने कधी कुणाला वरच्या मजल्यावर नेलं नव्हतं.
मी पडदा ओढून घेतला.
एवढंच करता येण्यासारखं होतं.

त्यानंतरचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी साडेतीनला ऊन आलं.
आमच्या पुढच्या खोलीत
हिवाळ्यात ऊन कधीच यायचं नाही,
समोरची छपरं ते पिऊन टाकायची.
आता ते थेट आत, गालिच्यावरून,
मागच्या भिंतीपर्यंत.
भिंतीचा रंग पिस्त्याचा आहे.
आम्ही तो राखाडी म्हणून आणला होता.
मी खुर्ची ओढली, पाय उन्हात टाकले.
गुडघ्यांना बरं वाटलं.
मेल्याहून मेल्यासारखं झालं,
तरी पाय काढले नाहीत.

पुढच्या वर्षी फुटपाथच्या कडेला
आवाज अडवणारी भिंत बांधणार आहेत,
तीन मीटरची.
बासष्ट सेंटीमीटर त्यांनी वाचवले.
तोवर हे ऊन आमचं,
कुठल्याच पानावर न धरलेलं.

रविवारी व्हेरोनाचा फोन येतो.
रुबार्ब रुजलं का?
हो, एक लाल कोंब आलाय, मुठीसारखा.
आणि तिकडे काय नवीन?
काही नाही गं, मी म्हणते,
आणि खुर्ची वीतभर सरकवते,
ऊन सरकतं तशी.